मी माझ्या आईसारखीच होत चाललेय का?

समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कधी मोठ्या हुद्द्यावरची बाई विचारते, कधी चार घरची कामं उरकून आलेली, कधी मूल दत्तक घेतलेली. नातवंडं असलेल्या आजीही विचारतात. शिक्षण, पैसा, वय वेगळं, धास्ती एकच. आईचं जे मला खुपलं, तेच मी माझ्या मुलाला देतेय का?

त्यांतलीच एक. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. "मॅडम, लेकीवर ओरडले आणि माझ्याच तोंडून आईचा आवाज ऐकू आला. शब्दसुद्धा तिचेच." सुरुवातीच्या भेटी आईवरच्या रागात गेल्या. राग खरा होता, मी तो निवू दिला.

मग एकदा विचारलं, "ओरडून झाल्यावर आई काय करायची?"

"काही नाही. बोलायचीच नाही."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

ती बराच वेळ गप्प. "कंपासपेटीतल्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढलेली असायची. रंगीतसुद्धा." मग हळूच म्हणाली, "हे मी कधी जमेस धरलंच नव्हतं."

त्या माउलीला लेकीकडे परत यायचं होतं, बोलणं जमत नव्हतं. पण लहानग्या पोरीला त्या टोकांचा अर्थ कसा लागावा? मुलांना शब्दच लागतात.

बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 'पुरेशी चांगली आई', म्हणजे बिनचूक नसली तरी बाळाला पुरणारी आई, ही कल्पना १९५३ मध्येच मांडली होती. पुढे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत दिसलं, की सगळं सुरळीत असतानाही आई आणि तान्ह्या बाळाचे सूर सुमारे ३० टक्के वेळच जुळलेले असतात. बाकी वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं. माझं सगळं काम मी या 'पुन्हा जुळवण्यावर' उभं केलंय. आईपण पिढ्यानपिढ्या तगतं ते त्याच्याच बळावर.

घरी जाऊन तिनं लेकीची माफी मागितली. लेक म्हणाली, "मला वाटलं, मी तुला आता आवडत नाही." ती हादरली. मला मात्र समाधान वाटलं. हेच वाक्य तिनं स्वतः लहानपणापासून पोटात ठेवलं होतं. लेकीनं ते त्याच दिवशी बोलून टाकलं.

तेव्हा, ओरडून झालं की आधी स्वतः शांत व्हा. मग मुलाजवळ बसून एवढंच म्हणा, "मी ओरडले. माझं चुकलं." पुढे 'पण' लावू नका. 'पण तूही ऐकत नाहीस ना' म्हटलं, की माफी गेली आणि पुन्हा बोल लावणं सुरू झालं. खाऊ-खेळण्यांनी मिटवू नका. रडून मुलालाच तुमची समजूत काढायला लावू नका. ते ओझं त्याचं नाही. लगेच बोलणं जमलं नाही तर रात्री बोला, दुसऱ्या दिवशी बोला. मूल मोठं झालं असेल तरी बोला, उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. आणि हात उगारला जात असेल, किंवा दोन आठवडे उलटूनही मन उदासच असेल, विशेषतः बाळंतपणानंतर, तर एकटीनं झुंजत बसू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा.