जगाची भांडणं मिटवते, घरचं मिटत नाही

मध्यस्थीचं प्रशिक्षण घेतलेले वकील, वादनिवारणाचा अभ्यास करणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं. दुसऱ्यांची भांडणं सोडवायला शिकतोय, पण घरातलं एक सुटत नाही, मग आपण या कामाच्या लायकीचेच नाही का? म्हणून एकीची हकीकत सांगते. तिच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून.

ती तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. मध्यस्थांसाठीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण झालेलं. घरी आबा आणि तात्या, म्हणजे वडील आणि धाकटे काका, यांचं सामाईक विहिरीच्या पाळीवरून बोलणं बंद. तिने दोघांना समोरासमोर बसवलं, शिकवल्याप्रमाणे आधी नियम सांगितले, आळीपाळीने ऐकून घेतलं. थोड्याच वेळात आबा उठले. "तू माझी लेक, का त्याची वकील?"

"माझं चुकलं कुठं?" ती विचारत राहिली. तात्यांशी आधी वेगळं बोलायला हवं होतं का? प्रश्न नीट विचारले नाहीत का? सुरुवातीच्या भेटी यातच गेल्या आणि मी त्या जाऊ दिल्या. हुशार माणसं चूक तंत्रात शोधतात, कारण तंत्र सुधारता येतं.

मग एकदा विचारलं, "त्या विहिरीत तुमचा हिस्सा किती?"

ती हसली. "माझा कुठला?"

"वकील तुम्ही आहात."

बराच वेळ ती पर्सच्या चेनशी चाळा करत बसली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच्या शंकाही मिटवल्या. हे ती अशिलांना नेहमी सांगते.

"मी विषय काढला तर आबा म्हणतील, हीपण वाटणीला उभी राहिली," ती हळूच म्हणाली. "त्यापेक्षा मध्ये बसलेलं बरं."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. तटस्थ राहायचं म्हणजे आपल्याला काहीच नको असं दाखवायचं, हा समज मला शिकाऊ मध्यस्थांत फार दिसतो, मुलींमध्ये तर जास्तच. त्यांना घरात आधीपासून तेच शिकवलेलं असतं. आबांना मात्र लेकीच्या मनातलं न सांगता कळलं होतं. मध्यस्थी कायदा, २०२३ सुद्धा मध्यस्थाकडून हेच मागतो: आपला हितसंबंध असेल, निष्पक्षपणाबद्दल शंका येण्यासारखं काही असेल, तर ते आधी लेखी सांगा. मग घरच्या भांडणात हा नियम का सोडायचा? आपल्या घरात आपण पक्षकारच असतो. मधली खुर्ची परक्याला द्यावी आणि आपल्याला काय हवं ते आपल्या जागेवरून बोलावं.

तिने तालुका विधी सेवा समितीमार्फत दुसरा मध्यस्थ घेतला. त्याने तात्यांना फक्त 'का' विचारलं. शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. तात्यांच्या वाट्याला रात्रीच येत, आणि या वयात अंधारात पाण्याची दारं धरायला जायची त्यांना भीती वाटे. आबांच्या रानात ठिबक आहे, तिथे रात्री कुणी उभं राहायला लागत नाही. रात्र आबांनी घेतली, दिवस तात्यांना दिला.

मी वादनिवारणावर लिहिणाऱ्या अमेरिकन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांच्या विचाराची. वाचनालयात एकाला खिडकी उघडी हवी होती. फॉलेट यांना बंद हवी होती, कारण वारा थेट अंगावर येत होता. शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली आणि दोघांचंही भागलं. १९२५ च्या सुमाराला त्यांनी हे मांडलं. अर्धं-अर्धं वाटून घेण्याला त्या तोडगा मानत नसत, आणि मीही मानत नाही. पण अशी खिडकी सापडायला आधी प्रत्येकाने आपल्याला वारा हवा आहे की नको, हे कबूल करावं लागतं. तिने ते केलं. हिश्श्याचा विषय काढल्यावर आबा काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आता बोलतात. हिश्श्याचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या बैठकीला ती पक्षकार म्हणून बसणार आहे.