आजोबांची ८ मिमीची जुनी रिळं सापडली आहेत. प्रोजेक्टरवर लावून बघू का?

लगेच लावू नका, एवढी कळकळीची विनंती. जुनी फिल्म आक्रसलेली असते. प्रोजेक्टरमध्ये तिची भोकं फाटतात आणि अडकली तर दिव्याच्या उष्णतेने ती जळतेही. आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अ‍ॅसिटेट, म्हणजे फिल्म ज्या प्लास्टिकची असते ते, खराब होऊ लागलंय. ते रीळ वेगळं ठेवा, स्कॅनिंगही, म्हणजे डिजिटल प्रत, त्याचंच आधी करा. कडेची भोकं लहान असतील तर सुपर ८, म्हणजे १९६५ किंवा त्यानंतरचं. मोठी असतील तर साधं ८ मिमी.

स्कॅन झाल्यावर मूळ रीळ मात्र टाकू नका. हार्डडिस्क कधीही बसते. थंड, कोरड्या जागी फिल्म कितीतरी वर्षं टिकते. माळ्यावर अजिबात नको.

२००२ साली अमेरिकेत 'होम मूव्ही डे' सुरू झाला. लोक घरची रिळं आणतात, जाणकार तपासून देतात, मग सगळे मिळून बघतात. तुम्हीही स्कॅन केलेलं नातेवाइकांना एकत्र बसवून दाखवा आणि म्हातारी माणसं 'ही बघ आक्का, हा आपला जुना वाडा' असं बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा. या फिल्म बहुधा मुक्या असतात, ही नावं दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत.