मुलाची अकरावी थांबवावी का? भोसरीच्या वाचक ताईंना उत्तर

भोसरीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे मिस्टर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात १४ वर्षं आहेत. ऑर्डरी आटल्यामुळे कंपनी माणसं कमी करते आहे, आणि 'राजीनामा दिलात तर दीड लाख देऊ' असं सांगण्यात आलं आहे. ताई पोळी-भाजीचे २० डबे करतात, त्यातून महिन्याला १३,००० सुटतात. मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्सला. ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात १०,००० पगारावर त्याला बोलावलं आहे. मुलगी सहावीत, विनाअनुदानित इंग्रजी शाळेत. मुलाने दोन वर्षं काम करावं, म्हणजे मुलीची शाळा आणि घराचा हप्ता निभावेल, बारावीचं पुढे बघू, असं घरात ठरत आलं आहे. १,१०,००० ची एफडी आणि चार तोळे सोनं आहे.

ताई, मुलाचं नाव कॉलेजातून काढू नका. कारण तुम्ही पाठवलेल्या आकड्यांतच आहे. पण त्याआधी एक घाईची गोष्ट: हिशेब लेखी हातात येईपर्यंत मिस्टरांना राजीनाम्यावर सही करू देऊ नका.

दीड लाख म्हणजे काय, ते बघा. त्यांचा बेसिक आणि डीए मिळून १८,२०० आहे. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना कायद्याने मिळणारी रक्कम, काढताना हा आकडा भागिले २६, गुणिले १५ करतात. म्हणजे वर्षाला १०,५००. चौदा वर्षांचे झाले १,४७,०००. कंपनी 'देऊ' म्हणते ती जवळजवळ त्यांची स्वतःची ग्रॅच्युइटीच आहे! ती राजीनामा दिला तरी मिळते, कंपनीने काढलं तरी मिळते, आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. कंपनीनेच कामावरून कमी केलं तर कामगाराला वेगळी भरपाई लागते: दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. एकूण पगार २६,००० धरून ढोबळ १३,००० गुणिले १४, म्हणजे १,८२,०००. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिचे २६,०००. सगळं मिळून ३,५५,०००. 'स्वखुशीने राजीनामा देत आहे, सर्व देणी मिळाली' एवढ्या दोन ओळींवर सही झाली की यातले दोन लाखांहून जास्त हातचे जातात, आणि मागाहून भांडणं फार जड जातं. हुद्दा सुपरवायझरचा असेल तर भरपाईचा भाग बदलू शकतो. म्हणून नेमणूकपत्र आणि शेवटच्या तीन पगारस्लिपा घेऊन युनियनकडे किंवा कामगार आयुक्त कार्यालयात याच आठवड्यात जाऊन या.

आता घरखर्च. हप्ता ९,५००, किराणा-दूध-भाजी ८,५००, वीज-गॅस-मोबाइल-मेंटेनन्स ३,५००, पेट्रोल आणि औषधं २,५००, मुलीची शाळा बससह वर्षाला ६६,००० म्हणजे महिन्याला ५,५००, मुलाचा क्लास ५,०००, सुकन्या समृद्धी २,०००. एकूण ३६,५००. डब्यांचे १३,००० वजा केले तर खड्डा २३,५०० चा.

मुलाचे १०,००० घरात किती पोचतील? जाण्यायेण्याचे, बाहेरच्या खाण्याचे आणि मोबाइलचे गेले की ७,००० उरले तर पुष्कळ. पीएफ नाही, लेखी काही नाही. आणि हा पगार मंदीतला आहे. मिस्टरांच्या कारखान्यावर आलेली वेळ भोसरी-चाकण पट्ट्यातल्या दुसऱ्या घरांवरही आली असेल, तिथलीही पोरं कामं शोधत असतील. हात जास्त आणि काम कमी असताना अकुशल पोराला मिळणारा पैसा कमीच असतो, आणि धंदा बसला की पहिला त्यालाच घरी पाठवतात. १९३० च्या महामंदीत अमेरिकेत हायस्कुलात जाणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं होतं, कारण त्या वयाच्या मुलांना बाहेर कामच उरलं नव्हतं. मंदीत मुलाच्या एका वर्षाच्या शाळेची किंमत, म्हणजे त्यासाठी सोडावी लागणारी कमाई, सगळ्यांत कमी असते. मुलाला शिकवत ठेवायला हाच काळ त्यातल्या त्यात स्वस्त.

कायद्याची बाजू थोडक्यात. १४ ते १८ वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. मोबाइलचं दुकान सहसा त्यात येत नाही. पण 'पार्सल पोचवून ये' म्हणून त्याच्या हातात स्कूटर दिली आणि तो पकडला गेला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, अशी तरतूद आहे.

खड्डा असा बुजवा. मुलाचा ५,००० चा क्लास थांबवा, आणि भरलेल्या फीचा उरलेल्या महिन्यांचा परतावा लेखी अर्ज करून मागा. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मध्येच क्लास सोडणाऱ्याला १० दिवसांत उरलेल्या काळाची फी परत द्यावी असं म्हटलं आहे; त्यांचा उल्लेख अर्जात करा. पुस्तकं आणि सराव परीक्षांना महिना ५०० ठेवले तर ४,५०० वाचले. सुकन्या खातं बंद करायची गरज नाही, ते वर्षाला फक्त २५० भरून चालू राहतं, २,००० वाचले. मुलीची बस बंद, मिस्टर सोडतील, १,२००. आणि डबे २० चे २८ करा. डब्यामागे तुम्हाला ६५० सुटतात, आठ डब्यांचे ५,२०० झाले. अडचण पोळ्यांची येईल: डब्याला चार धरल्या तर ८० च्या ११२ होतात. एका तव्यावर तासाला ४५-५० पोळ्या निघत असतील तर सकाळचा जवळपास पाऊण तास वाढतो. म्हणून दुसरा तवा मांडा आणि डबे पोचवण्याचं काम पूर्ण मिस्टरांकडे द्या. नवी नोकरी लागेपर्यंत घरात एक धडधाकट माणूस मोकळा आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच मोजलेलं नाही.

हे सगळं केल्यावर खड्डा १०,६०० वर येतो. कंपनीने कसंही करून दीडच लाख दिले असं वाईटात वाईट धरू. त्यात एफडी मिळवली की २,६०,०००, म्हणजे २४ महिने. मुलाची बारावीची परीक्षा इथून साधारण १६ महिन्यांवर आहे. आणि त्या १६ महिन्यांत तो दुकानातून आणेल ते १,१२,०००, जेमतेम तुमच्या एफडीएवढे. एफडी मोडा. ती अशाच दिवसासाठी असते.

मुलीच्या शाळेबद्दल तुम्हाला जास्त वाईट वाटतं आहे, ते पत्रातून कळतं. तरी माझं मत असं, की बदलायचीच वेळ आली तर शाळा बदला, पण शिक्षण कोणाचंच तोडू नका. शाळा बदलून परत येता येतं. 'असर' या शालेय शिक्षणाच्या ग्रामीण पाहणीत ६ ते १४ वयाची सरकारी शाळांतली मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, कोविडनंतर २०२२ मध्ये ७२.९ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आली. पालकांनी मुलांना स्वस्त शाळेत नेलं आणि दिवस सुधारल्यावर बरेच जण माघारी गेले. सायन्सच्या प्रॅक्टिकलला दोन वर्षांचा खंड पडलेला, हातात पगार खेळवलेला १८ वर्षांचा मुलगा परत बाकावर बसणं मात्र फार अवघड.

घाईने दुसऱ्या सत्रात नेऊ नका. हे वर्ष पुरं होऊ द्या आणि जूनमध्ये सातवीला अनुदानित शाळेच्या सेमी-इंग्रजी तुकडीत घाला. तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतच राहतं, अडेल ते इतिहास-भूगोलात. बालभारतीचं सहावीचं मराठी माध्यमाचं भूगोलाचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातलं एक पान तिला मोठ्याने वाचायला सांगा. 'अक्षांश', 'आर्द्रता' अशा शब्दांना ती अडखळली तर रोज एक पान, सुट्टीभर. हा बदल सातवीत झेपतो, नववीत नाही. फी थकली म्हणून जुन्या शाळेने दाखला अडवला तर घाबरू नका: आठवीपर्यंत दाखला नाही या कारणाने सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्येच तसं आहे.

मुलाला सायन्स खरंच नकोसं झालं असेल, तर ते पैशाच्या आड न ठेवता विचारा. तसं असेल तर दुकानापेक्षा आयटीआय बरा, औंधचा सरकारी किंवा मोरवाडीचा महापालिकेचा; दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता उघडतो. पण प्रवेश पावसाळ्याच्या तोंडाशी होतात, तोवर अकरावी सोडू नये.

पीएफ काढू नका, २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं आहे. दहा वर्षांहून जास्त सेवा झाल्यामुळे ५८ नंतरची पेन्शनही पक्की आहे. गृहकर्जाची मुदत वाढवायची घाई नको: साडेसात लाख बाकी १० ऐवजी १५ वर्षांत फेडली तर ९ टक्क्यांनी हप्ता १,९०० ने उतरतो, पण एकूण फेडीत सव्वादोन लाखांहून जास्तीची भर पडते. सहा महिन्यांत नोकरी लागली नाही तरच बँकेत जा, आणि तेही हप्ता चुकण्याआधी. सोनं सगळ्यांत शेवटी; ॲपवरचं कर्ज कधीच नाही. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, तेव्हा रेशन कार्डावर चौघांची नावं बरोबर आहेत का ते आत्ताच बघून घ्या, सरकारी मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेला तेच लागतं.

दुकानदाराला तोडून बोलू नका. अकरावीची परीक्षा झाल्यावर एप्रिल-मे मध्ये मुलगा सात-आठ आठवडे येईल, असं सांगा. काम शिकेल, आणि ते पैसे बारावीच्या पुस्तकांना होतील.