‘मी शांत आहे’ म्हटलं की चिडचिडच होते

प्रश्न : ताई, आमच्या योगा क्लासमध्ये शवासनात प्रत्येकाने आपापलं एक वाक्य मनात म्हणायचं असतं. मी ‘मी पूर्ण शांत आहे’ हे घेतलंय, पण म्हटलं रे म्हटलं की आतून कोणीतरी हसतं, म्हणे कुठली शांत, सकाळीच पोरावर ओरडलीस ना. चार महिने झाले. बाकीच्या म्हणतात रोज म्हणत राहा, होईल. माझंच काही चुकतंय का? की हे सोडून सरळ ॐ म्हणू?

उत्तर : ते आतून हसणारं जे कोणी आहे ना, त्याला गप्प करायला जाऊ नका, ते खरं तेच बोलतंय. तुमचं चुकत नाहीये, वाक्य चुकलंय. २००९ मध्ये जोआन वूड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, लोकांना ‘माझ्यावर प्रेम करावं अशीच मी आहे’ अशा अर्थाचं वाक्य परत परत म्हणायला लावलं, तर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं त्यांना न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. ज्यांचं मुळात बरं चाललेलं त्यांना थोडा फायदा झाला, म्हणजे ज्याला गरज कमी त्यालाच गोळी लागू!

मग करायचं काय, तर आत्ता या क्षणी खरं असेल तेवढंच म्हणा. ‘श्वास सोडतेय, खांदे सोडतेय’. यावर आतलं माणूस हसूच शकत नाही, कारण खांदे खरंच खाली आलेले असतात. किंवा ‘ओरडण्याआधी एक श्वास घेईन’, हा झाला संकल्प, यात तुम्ही काय आहात ते नाही तर काय करणार ते आहे. योगनिद्रेत, म्हणजे पडून करायच्या खोल विश्रांतीत, संकल्प सुरुवातीला आणि शेवटी म्हणतात, तो छोटा ठेवायचा आणि दर आठवड्याला बदलायचा नाही.

क्लासमध्ये ‘प्रतिपक्षभावना’ हा शब्द कानावर पडला असेल, पतंजलींच्या योगसूत्रांतल्या दुसऱ्या पादातलं (प्रकरणातलं) ३३वं सूत्र. सगळीकडे त्याचा अर्थ वाईट विचार आला की उलटा छान विचार करा एवढाच सांगतात, आणि मला ते जरा अर्धवट वाटतं, कारण लगेच पुढचं ३४वं सूत्र म्हणतं की हिंसा वगैरेचं फळ म्हणजे न संपणारं दुःख आणि अज्ञान, हे लक्षात आणणं म्हणजे प्रतिपक्षभावना. म्हणजे रागाला गोड वाक्याने झाकायचं नाहीये, हा राग मला कुठे नेऊन सोडणार ते नीट बघायचंय.

आता ॐचं. जरूर म्हणा, पण तो या वाक्याच्या बदल्यात नाही, ती गोष्टच वेगळी आहे. ॐ तुमच्याबद्दल काही दावाच करत नाही, त्यामुळे आत भांडायला विषयच मिळत नाही. शिवाय श्वास आपोआप लांबतो. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांकडून ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र आणि ख्रिश्चनांची जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणून घेतली तर दोन्हीत श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला. पतंजली मात्र जपाबरोबर अर्थाची भावनाही धरायला सांगतात, नुसता आवाज नाही.

प्रश्न : मोठ्याने म्हणू की मनात? आणि आसन करताना चालेल का?

उत्तर : परंपरेत वाचिक (आवाजात), उपांशु (नुसते ओठ हलवत) आणि मानस (मनात) असे जपाचे तीन प्रकार आहेत, मानस सगळ्यात वरचा मानतात. पण नवीन असताना मनातल्या मनात म्हणायला गेलं की दुसऱ्या मिनिटाला आपण ऑफिसच्या मेलचं उत्तर लिहीत असतो (हा माझा स्वतःचा अनुभव!), म्हणून आधी आवाजात, मग नुसते ओठ हलवत, मग मनात. स्थिर आसनात एखादा शब्द श्वासाबरोबर चालतो. मोजून प्राणायाम करताना मात्र नको, आकडे आणि वाक्य दोन्ही चुकतात.