अँटिव्हायरस मेलंय, पण जागा सोडत नाही

प्रश्न : ताई नमस्कार. माझं नेरूळला स्टेशनजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, दिवसभर पोरं पेन ड्राइव्ह घेऊन येतात, कोणाचं प्रोजेक्ट, कोणाचा भाडेकरार. मागच्या आठवड्यात एकाच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले, मी आपलं सवयीने डबल क्लिक केलं आणि तिथून वाट लागली. अँटिव्हायरस उघडेना, घड्याळाजवळचा आयकॉन गायब. अनइन्स्टॉल मारलं तर अर्ध्यात एरर. मग चिडून प्रोग्राम फाइल्समधला त्याचा फोल्डरच डिलीट करायला घेतला, तर काही फायली गेल्या आणि काही म्हणतात परवानगी नाही. आता विंडोज सिक्युरिटीत अजून त्याचंच नाव आहे आणि विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, चालूच होत नाही. फॉरमॅट सोडून काही सांगा, मराठी टायपिंगचं श्रीलिपी सॉफ्टवेअर आहे आणि दहा वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत. विंडोज 10. – एक दुकानदार, नेरूळ

उत्तर : दादा, फोल्डर डिलीट करायला नको होता. राग समजतो, पण अनइन्स्टॉल करणारी फाइल त्याच फोल्डरात असते, ती गेली की तो प्रोग्राम स्वतःला काढणार कसा? आणि ज्या फायली हलत नाहीयेत त्या अँटिव्हायरसने स्वतःला वाचवायला कुलूपबंद केलेल्या असतात, म्हणजे व्हायरसने त्याला पाडलं तरी तुम्हाला मात्र तो अजून अडवतोय.

डिफेंडरचं म्हणाल तर सोसायटीचं उदाहरण घ्या. वहीत रात्रीच्या वॉचमनचं नाव लिहिलेलं आहे, वॉचमन कधीच गावाला गेलाय, पण वहीत नाव आहे म्हणून सेक्रेटरी दुसरा ठेवत नाही. विंडोज तसंच वागतं. दुसरं अँटिव्हायरस आलं की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, आणि तुमच्याकडे नोंद राहिलीय, राखण करणारा कोणीच नाही. म्हणून आधी ती नोंद पुसायची, व्हायरसचं मग.

आजच नेटची वायर काढा. पत्रिका, फोटो, वर्डच्या फायली एका रिकाम्या हार्ड डिस्कवर घ्या, फक्त डेटा, कुठलाही सेटअप किंवा शॉर्टकट नको. ती डिस्क दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावू नका, आणि गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह तर अजिबात घेऊ नका, कारण आता प्रसाद तुमच्या दुकानातून घरोघरी जातोय.

मग घरच्या लॅपटॉपवर तुमच्या अँटिव्हायरसच्या कंपनीच्या साइटवर जा. बहुतेक मोठ्या कंपन्या आपलंच सॉफ्टवेअर मुळापासून काढायचं एक वेगळं रिमूव्हल टूल फुकट देतात. सर्च केल्यावर सगळ्यात वर जाहिरातीची लिंक येते तिच्यावर जाऊ नका. दुकानातल्या कॉम्प्युटरवरच डाउनलोड का नको, तर काही व्हायरस अँटिव्हायरसवाल्यांच्या साइटच उघडू देत नाहीत. टूल पेन ड्राइव्हवर घ्या आणि काम झालं की तो पेन ड्राइव्ह फॉरमॅट.

आता शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, निळा स्क्रीन आला की ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, परत रीस्टार्ट, मग 4 दाबा. हा सेफ मोड, यात विंडोज फक्त गरजेपुरतंच सुरू होतं. मध्येच डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची 48 आकडी की मागितली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, फोनवरून बघता येते. सेफ मोडमध्ये कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल करायला जाल तर बऱ्याचदा एरर येणार, कारण विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस तिथे चालू नसते, इथे बरेच जण कंटाळून सोडून देतात. कंपनीचं टूल मात्र बहुतेक वेळा या मोडमध्येही चालतं, ते ड्रायव्हर आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, नोंदी सगळं काढतं. सिस्टम 32 मधले ड्रायव्हर हाताने उडवायचा मोह होईल, तो टाळा, चुकीचा उडाला तर विंडोज सुरूच होणार नाही आणि मग फॉरमॅटच.

टूल चाललं की साधं रीस्टार्ट करा, वायर लावा, थोडं थांबा, डिफेंडर आपोआप जागा व्हायला हवा. अपडेट घ्या आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन ऑफलाइन स्कॅन निवडा, कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच साधारण 15 मिनिटं तपासणी होते, तेव्हा व्हायरसही चालू नसतो म्हणून लपायला जागा नाही. रात्री दुकान बंद करताना बॅकअपची डिस्क लावून फुल स्कॅन सोडून जा. नेटच आलं नाही तर जुन्या अँटिव्हायरसचं नेटवर्कमधलं काहीतरी अडकलंय समजा, सेटिंग्जमधून नेटवर्क रीसेट करा, वायफायचा पासवर्ड परत टाकावा लागेल एवढंच.

एवढं करूनही डिफेंडर उठला नाही किंवा स्कॅनमध्ये शेकडो प्रोग्रामच्या फायली लागण झालेल्या निघाल्या, तर मी तरी फॉरमॅटच करेन, तशा मशीनवर लोकांचे आधार कार्ड छापायची माझी हिंमत नाही. त्याआधी श्रीलिपीवाल्यांना फोन करून लायसन्स परत कसं टाकायचं ते विचारून ठेवा. ईमेल आणि नेट बँकिंगचे पासवर्ड आजच फोनवरून बदला. आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, दिवसभर अनोळखी पेन ड्राइव्ह लागतात त्या मशीनवर ते ठेवणं मला पटत नाही. अँटिव्हायरस क्रॅकवालं होतं का ते तुम्ही लिहिलं नाहीत, मी विचारत नाही.

प्रश्न : लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात सारखं येतं, ‘तुमचं अँटिव्हायरस संपलं, रिन्यू करा’. पण मी त्या नावाचं काही टाकलेलंच नाही, मग काढू काय? – निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : काकू, काढायचं अँटिव्हायरस नाही, परवानगी काढायची. कुठल्यातरी साइटवर तुम्ही ‘अलाऊ’ दाबलंय आणि ती साइट क्रोममधून या चिठ्ठ्या पाठवतेय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी नावं दिसतील ती सगळी काढून टाका. त्यातल्या नंबरवर फोन केला असेल आणि समोरच्याने स्क्रीन बघायचं काही अॅप टाकायला लावलं असेल तर नेट बंद करून ते आधी काढा, आणि पैसे गेले असतील तर मुलाची ऑफिसातून यायची वाट न बघता लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा.