लांबलचक इंग्रजी शब्दांचे तुकडे कसे पाडायचे आणि जोर कुठे द्यायचा?

तुमचा मुलगा मराठी प्राथमिकमधून यंदा पाचवीत इंग्रजी माध्यमात आलाय, लांब शब्दांवर अडखळतो, आणि शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहू द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. खुशाल लिहू द्या.

मीही गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या एका गावात चौथीपर्यंत मराठीत शिकलो आणि पाचवीपासून हायस्कुलात सगळंच इंग्रजी. विज्ञानाच्या पुस्तकात ‘इलेक्ट्रिसिटी’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने इ-लेक्-ट्रि-सि-टी असं लिहून ठेवलं होतं. टीचरनी वर्गासमोर ते खोडायला लावलं. मराठी शाळेतल्या मुलांची जीभच वळत नाही, म्हणाल्या. कागद विरला तिथे. पण तुकडे अगदी बरोबर होते! सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवतीचा आवाज, आणि आपली लिपी बरीचशी तशीच मांडणी करते. रोमनमधल्या अकरा अक्षरांत हे पाच तुकडे नवख्या मुलाला दिसत नाहीत.

उणीव एकच, देवनागरीत जोर दिसत नाही. त्यात शेवटची ई दीर्घ लिहायची आपली सवय, म्हणून मुलं ‘टी’ ताणतात. इंग्रजीत तो ऱ्हस्व आणि हलका, जोर ‘ट्रि’वर. ‘इलेक्ट्रिक’मध्ये मात्र ‘लेक्’वर. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ आलं की जोर बहुधा लगेच आधीच्या तुकड्यावर पडतो: एज्युकेशनमध्ये ‘के’, युनिव्हर्सिटीत ‘व्हर्’. ‘इंजिनिअर’मध्ये तो शेवटावरच. मुलाला जोराच्या तुकड्याखाली रेघ मारायला सांगा आणि मोठ्याने वाचून घ्या.

आता मी स्वतः फोंड्याला इंग्रजी शिकवतो आणि यावरून स्टाफरूममध्ये माझं अजून वाजतं. २०११ साली गोव्यात इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हाही हेच ऐकलं, मराठीतून आलेलं मूल पाचवीत मागे पडतं म्हणे. पडतं, कारण त्याला येतं तेच आपण त्याच्या हातातून काढून घेतो. ज्याला मराठी धडाधड वाचता येतं त्याला शब्द फोडायला वेगळं शिकवावं लागत नाही.

हां, अपवाद आहेत. ‘पॉलिटिक्स’मध्ये जोर पहिल्याच तुकड्यावर, गणिताच्या ‘अरिथ्मेटिक’मध्ये ‘रिथ्’वर. शंका आली तर डिक्शनरीत उच्चार बघा. जोराच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते. काही डिक्शनऱ्यांत मूळ शब्दामध्येच टिंबं दिलेली असतात, त्यांवर जाऊ नका. ती ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा, एवढंच सांगतात.