आईला गुडघ्यांचा संधिवात आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. रोज दुखण्याची गोळी घेतल्याने बीपी वाढतं का?

हो, वाढू शकतं, शिवाय टेल्मिसार्टनचा परिणामही कमी होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक ही सूज उतरवणारी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन (सूज आणि वेदना वाढवणारं रसायन) तयार होऊ देत नाहीत. गुडघ्याची कळ त्यानेच थांबते, पण मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकायलाही प्रोस्टाग्लँडिनच लागतं. मग मीठ अंगात साठतं, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहतो आणि बीपी चढतं. हृदयविकाराचा धोका असलेल्या संधिवाताच्या रुग्णांचं २४ तासांचं बीपी मोजणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला (प्रिसिजन-एबीपीएम). त्यात चार महिन्यांनी आयबुप्रोफेन घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ३.७ ने वाढला होता, सेलेकॉक्सिब (याच गटातलं दुसरं औषध) घेणाऱ्यांचा जवळपास होता तिथेच राहिला.

आईंच्या गोळीची स्ट्रिप उलटून घटक नक्की वाचा. नुसती पॅरासिटामॉल समजून घेतलेल्या गोळीत पुष्कळदा एसिक्लोफेनॅकही असतं. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर तिच्यात लघवी वाढवणारं औषधही आहे. त्यावर ही वेदनाशामकं रोज घेणं मूत्रपिंडाला खरंच धोक्याचं, तेव्हा डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. गुडघ्यावर लावायच्या डायक्लोफेनॅक जेलमधून रक्तात फार थोडं औषध जातं, त्याबद्दलही विचारा.

हृदयासाठी दिलेली ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन मात्र यात धरू नका, ती परस्पर बंद करायची नाही.